लोखंडी दाराची चाल : काझी नझरुल इस्लाम यांच्या एका गीताचे प्रकरण

नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘पिप्पा’ हा १९७१ च्या युद्धावरचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातल्या एका गाण्यावरून कोलकाता आणि ढाका या दोन्ही शहरांत एकदमच संताप उसळला. गाणे बंगाली कवी काझी नझरुल इस्लाम यांचे होते, ‘कारार ऐ लौह-कपाट’, म्हणजे ‘कारागृहाचे ते लोखंडी दार’. आक्षेप शब्दांबद्दल नव्हता. ए. आर. रहमान यांनी त्या शब्दांना नवी चाल दिली होती, आणि शंभर वर्षे मोर्चांत, तुरुंगांत, शाळेच्या प्रभातफेऱ्यांत एका विशिष्ट ठेक्यावर म्हटले गेलेले गाणे बंगाली श्रोत्यांना अचानक अनोळखी वाटू लागले होते.

निर्मात्यांनी काही दिवसांतच निवेदन काढले. कवीच्या दिवंगत सूनबाईंशी रीतसर करार झाला होता, त्या करारानुसार गीताचे शब्द नव्या संगीतासह वापरण्याची मुभा होती, तरीही भावना दुखावल्या असतील तर आम्ही क्षमा मागतो, असा त्याचा आशय होता. कवीच्या कुटुंबीयांचे म्हणणे असे की परवानगी गाणे वापरण्याची दिली होती, चाल बदलण्याची नव्हे. दोन्ही पक्ष एकाच कागदाविषयी बोलत होते आणि त्या कागदातून दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या. कागद काय म्हणतो हे ठरवण्याचे काम वकिलांचे आहे. मला या प्रकरणात त्यामागचा जुना प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो : जो कवी स्वतःच चाल लावतो, त्याचे शब्द छापखाना सांभाळतो, पण त्याची चाल कोण सांभाळते? नझरुल यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर फार विस्कळीत आहे, आणि २०२३ चा वाद त्या विस्कळीतपणातूनच निघाला आहे.

गीताचा जन्म

१० डिसेंबर १९२१ रोजी असहकार आंदोलनात चित्तरंजन दास यांना अटक झाली. त्यांच्या ‘बाङ्लार कथा’ या साप्ताहिकाची जबाबदारी पत्नी वासंतीदेवी यांच्याकडे आली आणि त्यांनी नझरुल यांच्याकडे कविता मागण्यासाठी माणूस पाठवला. नझरुल तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि कोलकात्यात तालतला लेनमधल्या एका घरात मुजफ्फर अहमद यांच्यासोबत राहत होते. पुढे कम्युनिस्ट चळवळीचे नेते झालेल्या मुजफ्फर अहमद यांनी हा प्रसंग नंतर लिहून ठेवला आहे. आलेल्या माणसाशी ते हलक्या आवाजात बोलत बसले, नझरुल पाठ फिरवून लिहू लागले, आणि बऱ्याच वेळाने वळून त्यांनी नुकतीच लिहिलेली रचना दोघांना वाचून दाखवली. त्याच महिन्याच्या अखेरीस, त्याच घरात, एका रात्रीत ‘विद्रोही’ ही त्यांची सर्वांत गाजलेली कविता लिहिली गेली. तीसुद्धा शिसपेन्सिलीने, कारण टाक पुन्हा पुन्हा दौतीत बुडवेपर्यंत थांबण्याचा धीर त्या ओळींना नव्हता, असा मुजफ्फर अहमद यांचा तर्क आहे.

‘वाचून दाखवली’ हे क्रियापद या अभ्यासासाठी महत्त्वाचे आहे. जानेवारी १९२२ मध्ये ती रचना छापली गेली तेव्हा तिचे शीर्षक ‘भाङार गान’, म्हणजे ‘मोडण्याचे गाणे’ असे होते. म्हणजे कवीच्या मनात ते गाणेच होते. पण जन्माच्या क्षणाची जी एकमेव साक्ष आपल्याकडे आहे तिच्यात कागद आहे आणि वाचन आहे, गायन नाही. चाल त्याच बैठकीत मनात गुणगुणत होती, की चार दिवसांनी पेटीवर सापडली, हे त्या साक्षीवरून ठरत नाही. ती चाल लवकरच लोकांच्या तोंडी गेली एवढे मात्र निश्चित. १५ डिसेंबर १९२९ रोजी कोलकात्याच्या अल्बर्ट हॉलमध्ये नझरुल यांचा जाहीर सत्कार झाला, तेव्हा सुभाषचंद्र बोस यांनी आपण युद्धाला जाऊ तेव्हाही नझरुल यांची गाणी गाऊ आणि तुरुंगात जाऊ तेव्हाही त्यांचीच गाऊ, अशा अर्थाचे भाषण केले. जे गाणे तुरुंगात कोरसने म्हणायचे, त्याला पेटी आणि तबला गृहीत धरता येत नाही. त्याची चाल छातीत आणि पायांत बसावी लागते.

या गीताची रचनाच तशी आहे. पहिल्या तीन तुटक ओळी ‘कपाट’, ‘लोपाट’, ‘जमाट’ अशा कठोर टकारावर थांबतात, आणि परिचित चालीत त्या प्रत्येक टकारावर हातोडा पडल्यासारखा आघात येतो. लोखंडी दार मोडण्याची क्रिया शब्दांत सांगितली आहे, पण ती प्रत्यक्ष घडते ती आघातात. नव्या चालीवर जे टीका करीत होते त्यांच्यापैकी अनेकांना हे शास्त्राच्या भाषेत मांडता आले नसेल, तरी त्यांचा कान बरोबर होता : टकार तेच राहिले, त्यांच्यावरचा ठोका विरघळला.

कवी आणि गवई एकाच देहात

नझरुल यांचा जन्म २४ मे १८९९ रोजी आसनसोलजवळच्या चुरुलिया गावी झाला. वडील मशिदीचे इमाम होते आणि मुलगा नऊ वर्षांचा असतानाच वारले. ‘दुखु मियाँ’ या टोपणनावाचा हा पोर कधी बांग देई, कधी मकतबात धाकट्यांना शिकवी. मग तो ‘लेटो’च्या फडात गेला. लेटो हा त्या भागातला गाण्या-नाचाचा लोकनाट्यप्रकार, आपल्या तमाशातल्या वगाशी लांबचे नाते सांगणारा. तेथे बसल्या बैठकीला पद रचून ते लगेच गाऊन दाखवावे लागे. शब्द आधी की चाल आधी हा प्रश्न ज्या शाळेत पडतच नाही अशी ती शाळा होती. पुढे राणीगंजजवळच्या सियारसोल राज हायस्कूलमध्ये एका शिक्षकांकडून शास्त्रीय संगीताची ओळख झाली, १९१७ मध्ये ते ४९ व्या बंगाली पलटणीत भरती झाले, आणि कराचीच्या छावणीत हवालदार असताना त्यांनी फारसी काव्य, विशेषतः हाफिज, एका मौलवींकडून समजून घेतला. राजद्रोहाची शिक्षा, हुगळीच्या तुरुंगातले दीर्घ उपोषण, रवींद्रनाथांनी त्यांना अर्पण केलेले ‘वसंत’ हे गीतिनाट्य, हा सारा इतिहास परिचित आहे आणि येथे त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही.

प्रस्तुत प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९२८ आहे. त्या वर्षी नझरुल ग्रामोफोन कंपनीशी, म्हणजे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’शी, गीतकार आणि तालीम देणारे म्हणून जोडले गेले. तोपर्यंत बंगाली गझलचा त्यांनी पाया घातला होता. ठुमरीचे उस्ताद जमीरुद्दीन खाँ यांच्या सहवासात त्यांनी रागदारी पक्की केली आणि पुढली चौदा वर्षे चितपूरच्या तालीमखोलीत चालींचा जणू कारखाना चालवला. श्यामासंगीत, इस्लामी गीते, कीर्तन, झुमूर, भाटियाली, गझल, खयालाच्या अंगाची गाणी, सर्व काही तेथे झाले. त्यांच्या गीतांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे.

तो कारखाना कसा चालत असे याचे सर्वांत जवळचे चित्र गायक अब्बासुद्दीन अहमद यांच्या आठवणींत सापडते. उर्दू कव्वालीच्या तबकड्या खपतात, तर बंगालीत इस्लामी गाणी का काढू नयेत, असे त्यांनी ‘काजीदां’ना विचारले. तालीमखोलीचे प्रमुख भगवती भट्टाचार्य यांनी आधी साफ नकार दिला, आणि काही महिन्यांनी, मनःस्थिती चांगली असलेल्या एका दिवशी, होकार दिला. नझरुल यांनी पान आणि चहा मागवला, खोलीचे दार लावून घेतले आणि अर्ध्या तासात ‘ओ मन रमजानेर ऐ रोजार शेषे’ हे गीत लिहून, त्याला चाल लावून, अब्बासुद्दीन यांना शिकवलेसुद्धा. चौथ्या दिवशी ध्वनिमुद्रण झाले. गायकाला शब्द पाठ झाले नव्हते, म्हणून कवी स्वतः पेटीजवळ उभे राहून त्यांच्या डोळ्यांसमोर कागद धरून होते. १९३२ च्या ईदेच्या सुमारास तबकडी बाजारात आली. आजही ईदेचा चंद्र दिसला की बांगलादेशात घरोघरी तेच गाणे लागते.

या चित्रात कागदावर काय आहे ते नीट पाहावे. कागदावर शब्द आहेत. चाल कागदावर नाही. ती कवीच्या गळ्यातून गायकाच्या गळ्यात गेली आणि तेथून मेणाच्या साच्यात. तबकडी हीच तिची प्रत, आणि जिची तबकडी निघाली नाही त्या चालीची प्रत फक्त माणसांच्या कानात. १९३९ नंतर तर नझरुल आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर अधिक रमले. ‘हारामणि’ या कार्यक्रमात विस्मृतीत गेलेले राग, आणि ‘नवराग-मालिका’त त्यांनी स्वतः बांधलेले निर्झरिणी, वेणुका, मीनाक्षी, संध्यामालती, वनकुंतला, दोलनचंपा असे नवे राग ते मांडत. नभोवाणीचे हे कार्यक्रम थेट प्रसारित होत. हवेत गेलेले तेथेच संपे, ज्याने ऐकून टिपून घेतले त्याच्यापुरते उरे.

शिवाय कारखाना म्हटला की कामाची वाटणी आली. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून नझरुल यांच्या अनेक गीतांना कमल दासगुप्ता, चित्त राय अशा सहकाऱ्यांनी चाली दिल्या. काही चालींना नझरुल यांनी मान डोलावली, काहींत दुरुस्ती सुचवली, काही तशाच गेल्या. म्हणून ‘नझरुलगीत’ या एका शब्दाखाली किमान दोन जाती आहेत : शब्द आणि चाल दोन्ही त्यांची, आणि शब्द त्यांचे पण चाल दुसऱ्याची. सर्वसामान्य श्रोता या दोहोंत फरक करीत नाही, आणि बाजारानेही तो करण्याची कधी फिकीर केली नाही.

१९४२ नंतर

जुलै १९४२ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, नझरुल यांची वाणी अडखळू लागली आणि अल्पावधीत बोलणे, लिहिणे, ओळखणे सारेच मावळत गेले. १९५३ मध्ये त्यांना लंडनला आणि तेथून व्हिएन्नाला नेण्यात आले. व्हिएन्नाचे मज्जारोगतज्ज्ञ हान्स हॉफ यांनी ‘पिक’चा आजार असे निदान केले, म्हणजे मेंदूचा क्रमाक्रमाने झिजत जाणारा असाध्य विकार. २४ मे १९७२ रोजी बांगलादेश सरकारने त्यांना ढाक्याला नेले, आणि २९ ऑगस्ट १९७६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

चौतीस वर्षे कवी जिवंत होता आणि आपल्याच चालीबद्दल ‘ही अशी नाही’ असे सांगू शकत नव्हता. मृत कवीच्या बाबतीत निदान सर्वांना ठाऊक असते की आता विचारायला कोणी नाही. येथे विचारायला माणूस समोर बसलेला होता. त्याच काळात, कवीच्या नावाची मागणी वाढलेली असताना, जुन्या गाण्यांच्या नव्या तबकड्या निघत राहिल्या, न गायलेल्या शब्दांना चाली लागत राहिल्या आणि गुरूगणिक पाठभेद वाढत गेले. आर्थिक बाजूही दुबळी होती : १९३९ मध्ये पत्नी प्रमिला यांना अर्धांगवायू झाल्यावर उपचारांसाठी नझरुल यांनी आपली रॉयल्टी गहाण टाकली होती. ज्याला हक्क विकावे लागतात त्याला हक्क राखता येत नाहीत.

आता ‘लोखंडी दारा’कडे परत येऊ. बंगाली कानांत जी चाल आज ‘मूळ’ म्हणून बसली आहे तिचा मोठा आधार म्हणजे १९४९ साली गिरीन चक्रवर्ती यांच्या आवाजात निघालेली ध्वनिमुद्रिका. त्याच सुमारास हे गीत चितगावच्या शस्त्रागार-हल्ल्यावरील चित्रपटातही आले, आणि १९७० मध्ये झहीर रायहान यांच्या ‘जीवन थेके नेया’ या चित्रपटातून ते पूर्व पाकिस्तानातल्या चळवळीचे गाणे बनले. १९४९ मध्ये नझरुल यांना मूक होऊन सात वर्षे झाली होती. ती चाल त्यांचीच असण्याची शक्यता मला दाट वाटते, कारण १९२० च्या दशकापासून गीत सार्वजनिकरीत्या गायले जात होते आणि ते ऐकलेली हजारो माणसे १९४९ मध्ये हयात होती. पूर्णपणे परकी चाल त्यांनी खपवून घेतली नसती. पण हा पुरावा समुदायाच्या कानाचा आहे, कवीच्या सहीचा नाही.

शेजारचे उदाहरण

ही पडझड अपरिहार्य नव्हती हे दाखवायला रवींद्रनाथांचे उदाहरण पुरेसे आहे. त्यांची गीते दोन हजारांहून अधिक. नवी चाल सुचली की ते ती दिनेंद्रनाथ ठाकूर यांना ऐकवीत, आणि दिनेंद्रनाथ ती स्वरलिपीत उतरवीत. पुढे ‘स्वरवितान’चे साठाहून अधिक खंड निघाले, आणि स्वामित्वहक्क संपेपर्यंत, म्हणजे २००१ अखेरपर्यंत, विश्वभारतीच्या संगीत मंडळाच्या संमतीशिवाय तबकडी निघणे अवघड होते. रवींद्रनाथ स्वतः या बाबतीत कडक होते. गायकाला गीतात स्वातंत्र्य द्यावे की नाही यावर त्यांची दिलीपकुमार राय यांच्याशी झालेली चर्चा प्रसिद्ध आहे, आणि तीत त्यांनी आपल्या गाण्यांपुरता तो दरवाजा बंद ठेवला.

नझरुल यांच्या हयातीत, ते लिहिते असताना, ‘सुरलिपि’ आणि ‘सुरमुकुर’ अशी स्वरलिपीची मोजकीच पुस्तके निघाली. ‘सुरलिपि’तले स्वरलेखन जगत घटक यांचे, तर ‘सुरमुकुर’मधले नलिनीकांत सरकार यांचे. तीन हजार गीतांपुढे ते काहीच नव्हे. नझरुल निष्काळजी होते असे म्हणून हा फरक उडवून लावणे सोपे आहे, पण ते मला अन्यायाचे वाटते. रवींद्रनाथांच्या मागे जोडासांकोचे घर, शांतिनिकेतन आणि पुतण्याच्या मुलाचा साधलेला हात होता. नझरुल यांच्या मागे पुढल्या तबकडीची तारीख होती. पोटासाठी दिवसाला दोन-तीन गाणी बांधणाऱ्याने प्रत्येकाची स्वरलिपी करायला थांबावे, ही अपेक्षा फुरसत असलेल्यानेच करावी.

कोणाची चाल, कोणाचा हक्क

भारतीय स्वामित्वहक्क कायदा (१९५७) शब्दांना साहित्यकृती आणि चालीला संगीतकृती असे दोन वेगळे दर्जे देतो. दोन्ही एकाच माणसाची असली तरी कायद्याच्या नजरेत त्या दोन मालमत्ता असतात. याहून बोलकी गोष्ट अशी की १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी संगीतकृतीच्या व्याख्येत ती लिहिलेली, छापलेली किंवा आलेखरूपाने उतरवलेली असणे अपेक्षित होते. म्हणजे पेटीजवळ कागद धरून उभ्या असलेल्या त्या कवीच्या हातातले शब्द जन्मतःच कायद्याच्या कक्षेत होते, आणि त्याच क्षणी गायकाच्या गळ्यात उतरत असलेली चाल त्या व्याख्येबाहेर. ‘शब्द नव्या संगीतासह’ असे वाक्य एखाद्या करारात सहज बसते ते या फटीमुळे.

कलम ५७ मात्र लेखकाला वेगळे संरक्षण देते : कृतीचा विपर्यास किंवा फेरफार त्याच्या प्रतिष्ठेला बाधक ठरत असेल तर हरकत घेता येते, आणि हा अधिकार हक्क विकल्यानंतरही उरतो. पण येथे शब्द जसेच्या तसे होते. नवी चाल लावणे हा शब्दांचा विपर्यास ठरतो का? या गीतापुरते माझे उत्तर ‘होय’ असे आहे, कारण टकारावरचा आघात हा शब्दार्थाचाच भाग आहे. ते न्यायालयात टिकेल का, याबद्दल मला तितकी खात्री नाही.

येथे नझरुल यांच्याच बाजूने एक अडचण उभी राहते आणि ती लपवणे योग्य नव्हे. चाल ही पवित्र आणि एकाच शब्दाशी बांधलेली वस्तू आहे, असे ते स्वतः कधीच मानत नव्हते. अरबी, तुर्की, मिसरी सुरावटी त्यांनी मनमोकळेपणाने उचलल्या. इस्कुदारच्या वाटेवरच्या जुन्या तुर्की लोकगीताची चाल त्यांनी एकदा प्रेषिताच्या स्तुतिगीतासाठी आणि एकदा वाळक्या पानांचे पैंजण घालून नाचणाऱ्या वाऱ्यासाठी वापरली. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल –’ म्हणून दुसऱ्याच गाण्याचे नाव छापलेले असते आणि त्याचा कोणाला संकोच वाटत नाही. तेव्हा कुटुंबीयांची बाजू ‘कवीची चाल बदलताच येत नाही’ या तत्त्वावर उभी केली तर ती कवीच्याच सवयीवर आपटून फुटते.

ती बाजू दुसऱ्या पायावर अधिक भक्कम उभी राहते. नझरुल चाल उचलत तेव्हा ती कोठून आली याची खूण मिटवण्याइतकी ताकद त्यांच्याकडे नव्हती. तुर्की गाणे तुर्कस्तानात तसेच राहिले. देशभर एकाच दिवशी पोचणाऱ्या चित्रपटाकडे ती ताकद आहे. ज्या चालीचा मुख्य पुरावा लोकांचा कान हाच आहे, तिच्यावर त्याच शब्दांची दुसरी चाल इतक्या मोठ्या आवाजात वाजवणे म्हणजे पुराव्यालाच हात घालणे होय. बंगाली संताप मला म्हणूनच समजण्यासारखा वाटतो, त्यातला बराचसा आरडाओरडा वगळूनही.

चाल सांभाळण्याचे काम फार उशिरा सुरू झाले. कवीचे धाकटे पुत्र, गिटारवादक काझी अनिरुद्ध यांनी १९७४ मधील आपल्या निधनापर्यंत अनेक गीतांची स्वरलिपी केली. फिरोजा बेगम यांनी नझरुलगीताचे शुद्ध रूप गाण्यात आयुष्य घालवले. कमल दासगुप्ता हे त्यांचे पती, त्यामुळे त्या घरात चालीच्या दोन्ही जाती नांदत होत्या. १९८५ मध्ये ढाक्यात नझरुल इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि जुन्या तबकड्या प्रमाण धरून, तज्ज्ञांच्या समितीकडून तपासून घेतलेल्या स्वरलिपी खंडाखंडाने छापू लागली. ज्यांची तबकडी नाही त्या गीतांपाशी ही पद्धत थांबते, आणि ‘लोखंडी दारा’सारख्या गीतात ती कवीच्या मौनानंतरच्या तबकडीपाशी पोचते.

कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे या हिशेबाने नझरुल यांच्या शब्दांवरचा भारतातला हक्क ३१ डिसेंबर २०३६ रोजी संपेल. दुसऱ्या दिवसापासून ‘कारार ऐ लौह-कपाट’ वापरण्यासाठी कोणाच्याही सहीची गरज उरणार नाही, आणि चाल बदलल्याबद्दल क्षमा मागायची झाली तर ती कोणाकडे मागायची हेही कोणत्याच कागदावर लिहिलेले नसेल.